अरबाबचं रिव्हॉल्व्हर, महिपतीची कंबर

महिपती खराडेसमोर पिस्तूल हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी चुकून काढलाच तर तो जेवता जेवता थांबायचा, बोटं आमटीत तशीच ठेवून. पिस्तूल न्हवं, म्हणायचा. फिरतं ते रिव्हॉल्व्हर. पिस्तुलाला खालनं मॅगझिन असतंय. एवढं पाजळून झालं की मग पुढचा घास. हा फरक त्यानं आमच्या खोलीला इतका घोटून दिला होता की कुणाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आला असता. दोहात, अल नस्र भागात, दुसऱ्या मजल्यावर एका कुरकुरत्या एसीखाली आम्ही पथाऱ्या टाकून राहायचो. सुतार, प्लंबर, मी वायरमन, आणि हा ड्रायव्हर. आमच्यापैकी कुणाला हा फरक कधी उपयोगी पडणार होता, देव जाणे.

महिपती मूळचा पाटण तालुक्यातला. तिकडे घाटात ट्रक चालवायचा. चौऱ्याहत्तर साली कतारला आला आणि अबू जासिम नावाच्या कंत्राटदाराच्या गाडीवर लागला. आमची माणसं तिकडे मालकाला अरबाब म्हणतात, आणि म्हणताना मान आपोआप खाली जाते. आम्ही बाकीचेही त्याच अबू जासिमच्या बांधकामांवर होतो, खोलीही त्याच्याच इमारतीत. पण महिपतीची मान जरा जास्तच लवचिक होती.

अबू जासिमला हत्यारांचा षोक. बैठकीच्या भिंतीवर बापजाद्यांच्या बंदुका, आणि टेबलाच्या खणात मखमलीत गुंडाळलेली छोटी हत्यारं. त्यात एक वेब्ली रिव्हॉल्व्हर होतं, इंग्रज होते तेव्हाचं, कुण्या गोऱ्या अफसरानं जाताना विकून टाकलेलं. हे हत्यार मधोमध मोडून उघडतं, त्यात सहा गोळ्या बसतात आणि मुठीखाली दोरी अडकवायला कडी असते. ही माहितीही मला महिपतीमुळेच आहे, मागितलेली नसताना.

त्यानं ते पहिल्यांदा हातात घेतलं आणि तिथंच माणूस कामातून गेला. अरबाब ते अधूनमधून त्याच्याकडे सोपवायचा. गाडीत ठेव, कमालकडे ने, तेल घालून आण. कमाल म्हणजे जुन्या बाजारातला म्हातारा बलुची. दुकानाच्या पुढच्या भागात घड्याळं दुरुस्त करायचा आणि मागच्या भागात पडद्याआड हत्यारं. महिपती त्या पडद्याआड तासन् तास बसून राहायचा. देवळात कधी इतका बसला नसेल.

तिथंच तो पारख शिकला, असं त्याचं म्हणणं. हत्यार बघायची त्याची रीत होती. आधी डोळे मिटून नुसतं तोलून बघायचं. मग मोडून नळी उजेडाकडे धरायची आणि आतले आटे बघायचे. मग नख. निळं पॉलिश मूळचं आहे की कुणी मागून चढवलंय ते म्हणे नखाला कळतं. शेवटी वास घ्यायचा, आमच्याकडे आया पोराचं टाळकं हुंगतात तसा. मग किंमत सांगायची. ती बरोबर असायची की नाही हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता, पण सांगताना तो असा काही आवाज खाली करायचा की वाटावं, आता वारसाहक्काचा निकाल लागतोय.

एकदा वाळवंटातला एक बदू पोरगा बापामागं राहिलेलं रिव्हॉल्व्हर विकायला कमालकडे आला होता. अरबाब घेणारा. महिपतीनं नख लावलं आणि अरबाबच्या कानात सांगितलं की पॉलिश मागून चढवलेलं आहे. सौदा एकदम खाली आला. पोरगा नडलेला असावा, मिळेल ते घेऊन गेला. महिना झाला तरी महिपतीचं ते कौतुक संपेना. मी विचारलं, यात तुला काय मिळालं? म्हणाला, अरबाबनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, बैल विकत घेणारा बैलाच्या पाठीवरही ठेवतो.

त्याला राग आला नाही. कंबरेला हत्यार असलेल्या माणसाला राग येत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. आता कंबर त्याची, पण हत्यार दुसऱ्याचं, हे सांगायचं राहून जायचं. त्यानं स्वतःच्या पगारातून बकऱ्याच्या कातड्याची पिशवी शिवून घेतली होती, रिव्हॉल्व्हर ठेवायला. म्यान आपलं आणि तलवार मालकाची. अरबाबनं कामासाठी हत्यार दिलं की ते गाडीच्या खणात ठेवायचा हुकूम होता. हा गाडी वळणाआड गेली की ते काढून कंबरेला लावायचा आणि वरून शर्ट सोडायचा, फुगवटा दिसेल इतपतच. पूर्ण झाकलं तर बाळगून काय फायदा? चहाच्या दुकानात केरळी पोरं सरकून जागा द्यायची. ही त्याची कमाई.

गावाकडं त्याची बायको पारूबाई. तिनं सुट्टीवर गेलेल्या माणसाबरोबर निरोप धाडला की शिलाई मशीन घेऊन द्या, चार घरचं शिवीन. यानं उलट फोटो पाठवला. अरबाबच्या गाडीला टेकून उभा, हात कंबरेवर, कंबरेला वेब्ली. ती बाई त्या फोटोनं कुणाचं पोलकं शिवणार होती?

आणि एवढं करून या पठ्ठ्यानं जन्मात एक गोळी झाडलेली नव्हती. विचारलं तर म्हणायचा, "हत्यार चालवायचं नसतंय, बाळगायचं असतंय."

कुणाविरुद्ध बाळगायचं, हे आम्हाला सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात कळलं. जुलैच्या दुपारी स्लॅबवर माणसं घेरी येऊन पडत होती. आमची मागणी साधी, दुपारचं काम बंद ठेवा, संध्याकाळी भरून देतो. मी माणसं गोळा केली आणि आम्ही ऑफिसच्या गेटबाहेर उन्हात उभे राहिलो. अबू जासिमची गाडी आली. महिपती स्टिअरिंगवर, काच वर, आत गार हवा. आमच्याकडे त्यानं बघितलंही नाही. गाडी थांबली तसा खाली उतरला, दार उघडलं आणि मालकाच्या मागं उभा राहिला, हात त्या फुगवट्यावर. एकाच ताटात आमच्याबरोबर रात्री मेथी खाल्लेला माणूस. मागणी मान्य झाली ती त्याच्यामुळं नव्हे, एका इंग्रज इंजिनियरलाच घेरी आली म्हणून. महिपती मात्र खोलीत येऊन सांगू लागला की मी होतो म्हणून प्रकरण हातघाईवर आलं नाही.

त्याच साली खंडेनवमीचा प्रकार झाला.

तिथं आमचे सण पंचांगावर नसायचे, शुक्रवारवर असायचे. सुट्टी त्याच दिवशी. म्हणून खंडेनवमी गुरुवारी संध्याकाळी आणि दसरा शुक्रवारी दुपारी, तिथी काही का असेना. दार लावून, आवाज बेताचा ठेवून. खोलीतले सगळ्यांत वडील धोंडीराम सुतार पूजा सांगायचे. चादर घडी घालून पाटावर अंथरायची, देवीचं कॅलेंडरातलं चित्र मागं टेकवायचं, पुढं ज्याचं त्याचं हत्यार. त्यांची करवत आणि रंधा, माझा टेस्टर आणि पक्कड, रंगनाथचा मोठा पाईप-पाना. रंगनाथ प्लंबर, बार्शीकडचा, बोलायला फार नाही. आपट्याऐवजी रस्त्याकडेच्या बोरीची पानं. तिकडच्या बोरीला काटे आपल्याहून जास्त.

एक नेम होता. नवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याला विसावा. गोरगरिबांच्या हातून राबणाऱ्या लोखंडाबद्दलची ही माया आहे, मला ती आवडते.

तर त्या गुरुवारी अरबाबनं महिपतीला वेब्ली दिलं. मुठीचा स्क्रू ढिला झालाय, कमालकडून आवळून घे, संध्याकाळच्या आत घरी नेऊन खणात ठेव. महिपतीनं स्क्रू आवळून घेतला आणि हत्यार थेट खोलीवर आणलं. आमच्या डोळ्यांदेखत पिशवीतून काढून पाटावर मधोमध ठेवलं, माझी पक्कड बाजूला सारून.

मी म्हटलं, हे पोलिसांना कळलं तर खोलीतला एक माणूस सुटणार नाही. परदेशी कामगारांच्या खोलीत रिव्हॉल्व्हर, दार लावून, देवीच्या चित्रापुढं. आम्हाला तर विमानातही बसवणार नाहीत, आधी आत टाकतील. आणि अरबाबला कळलं तर तुझं काय होईल ते तू जाण. महिपती म्हणाला की अरबाब शनिवारपर्यंत खण उघडत नाही, उद्या आरती झाली की नेऊन ठेवीन. मग आवाज खाली करून म्हणाला, शस्त्रपूजा म्हणतात, शस्त्र नको का तिथं? आयुष्यभर काय पान्यांचीच पूजा करणार?

धोंडीरामांना ते रुचलं नव्हतं. पण बाकीच्यांचे डोळे लकाकले. खरं सांगायचं तर लोकांनी त्या वेब्लीला करवतीपेक्षा जास्त हळदकुंकू वाहिलं. अक्षता वाहिल्या, नळीवर नारळाचं पाणी शिंपडलं. ज्या करवतीवर घरची चूल पेटते तिला एक बोट कुंकू आणि या आयतोबाला पाच.

पूजा आटोपते तोच खालून हाक आली. तळमजल्यावर ताहेरुन्निसा म्हणून हैदराबादची बाई राहायची, नवरा बंदरात कारकून, पाळीवर गेलेला. तिच्या मोरीतला पाईप जोडावर फुटला होता. खालचा व्हॉल्व्ह गंजून बसलेला, पान्याशिवाय फिरणारा नव्हता. रंगनाथभाई, जरा आके देखो, म्हणाली. रंगनाथ उठला, पाटाकडे हात गेला आणि महिपती आडवा आला.

पुजलेलं हत्यार उठत न्हाई, म्हणाला. तुमच्यात आयाबापांनी शिकवलं न्हाई का? देवीचा कोप झाला तर सगळ्या खोलीवर व्हईल.

धोंडीराम म्हणाले की अडलेल्याचं काम असेल तर आमच्याकडे देवीची माफी मागून उचलतात. महिपती ऐकेना. हत्यार लावणारा माणूस हत्याराचा नेम जाणतो, सुतारानं त्यात बोलू नये, म्हणाला. हात त्याचा कंबरेवर, रिकाम्या पिशवीवर. आणि माझ्या खोलीतली ही सगळी शूर माणसं प्रसादाचं खोबरं वाटून घ्यायला लागली. रंगनाथ बिचारा तसाच खाली गेला, सायकलच्या ट्यूबची पट्टी जोडावर आवळून आला. पाणी कमी झालं, थांबलं नाही. ती बाई आणि तिच्या मुली बादल्या भरत बसल्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुरीचं पीठ मळत होतो. खाली गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग हात काढलाच नाही. मी खिडकीतून बघितलं. अबू जासिम स्वतः गाडी चालवत आला होता, बाजूला त्याचा भाऊ. दुखान गावाच्या वाटेवर कुणा मित्राच्या शेतावर निघाले होते, मित्राला वेब्ली दाखवायचं होतं, खण उघडला तर मखमल रिकामी. त्यानं वर बघून एकच शब्द टाकला, "महिपत!"

महिपती पीठ तसंच टाकून उठला. त्याची नोकरी, त्याची गाडी, त्याचं चहाच्या दुकानातलं सरकणारं बाकडं, सगळं त्या पाटावर हळदकुंकवात पडलं होतं. अरबाब वर आला तर आम्ही सगळेच संपलो, हेही होतंच. तो पाटाकडे झेपावला.

धोंडीरामांनी पाटापुढं हात धरला. रागानं नव्हे, अगदी शांतपणे.

"आरती व्हायचीय, महिपती."

"धोंडूकाका, पाया पडतो. खाली अरबाब हाय."

"काल खाली बाई हुती."

धोंडीरामांनीच मग हात बाजूला घेतला. म्हणाले, देवीची माफी माग आणि ने. माफी मागण्याइतका धीर त्याला कुठला. त्यानं वेब्ली उचललं, स्वतःच्या बनियननं कुंकू पुसायला लागला, तसं ते जास्तच पसरलं. नळीत अक्षता गेलेल्या. हत्यार उलटं करून आपटलं तेव्हा चारदोन तांदूळ पडले. तसाच जिना उतरला. मीही मागं उतरलो. वर येऊ पाहणाऱ्या अरबाबला अडवायला निदान एक डोकं ठिकाणावर असलेला माणूस हवा होता.

अबू जासिमनं हत्यार हातात घेतलं. हळद त्याच्या पांढऱ्या बाहीला लागली. नळीत फुंकर मारली तसा एक तांदूळ भावाच्या मांडीवर पडला. त्यानं विचारलं, हे काय? महिपतीनं मोडक्या हिंदीत सांगितलं की आमच्यात वर्षातून एक दिवस हत्याराची इज्जत करतात. मला वाटलं, आता हा गेला.

अबू जासिम हसायला लागला. भावाला अरबीत काही सांगितलं, भाऊही हसायला लागला. मग त्यानं रिव्हॉल्व्हरचा घोडा मागं ओढला, अंगठ्यानं धरून महिपतीच्या डोळ्यांपुढं नेला आणि हिंदीतच विचारलं,

"इसका नाक किधर है?"

घोड्याला पुढं टोक असतं, त्यालाच नाक म्हणतात. तेच गोळीच्या बुडावर आपटतं तेव्हा बार उडतो. त्या घोड्याचं टोक मुळापासून घासून टाकलेलं होतं. अबू जासिमनं सांगितलं की वेब्ली घेतलं त्याच आठवड्यात कमालकडून घासून घेतलं होतं, पोरं घरात खेळतात म्हणून. आणि मग, अजून हसतच, "तुम समझा, मैं ड्रायव्हर को चलनेवाला देगा?"

तळमजल्याच्या दारात ताहेरुन्निसा उभी होती, तिच्यामागं रंगनाथ. पाटावरचं मोठं हत्यार उठलंच होतं, तेव्हा त्यानंही आपला पाना उचलला होता आणि मागच्या जिन्यानं उतरून तिच्याकडे गेला होता. अबू जासिमनं वेब्ली भावाकडे दिलं. महिपतीला शनिवारी वेळेवर ये म्हणाला. यल्ला, म्हणजे चला, आणि गाडी गेली.

तर नोकरी वाचली, अंगावर ओरखडा नाही. तीन वर्षं नळीत नजर घालून आटे मोजणारा, नखानं पॉलिश ओळखणारा, वासावरून किंमत सांगणारा हा पारखी रस्त्यात उभा होता आणि त्याला घोड्याचं नाक दिसलेलं नव्हतं. दिसलं असेलही, तर अशीच घडण असते असं वाटलं असेल. ज्यानं कधी झाडलंच नाही त्याला ते कशानं बार काढतं हे कशाला ठाऊक असेल?

जिन्यात त्यानं माझा दंड धरला. वर कुणाला सांगू नको, म्हणाला. मी म्हटलं, सोड. आणि वर जाऊन पहिलं तेच सांगितलं, दार लावायच्या आधी.

आणि बघा आमच्या लोकांची गंमत. कुणाला पटेना. मी महिपतीचा दुस्वास करतो म्हणून सांगतो, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, अरबाब हसला म्हणजे खूश झाला असणार. कालच हात जोडून पाच बोटं कुंकू वाहिलेलं, ते मोडकं होतं असं कोण कबूल करणार? महिपती मागून आला. पाचएक मिनिटांत त्याचा चेहरा ताळ्यावर आला होता. अरबाब खूश आहे, म्हणाला, आपल्या रीतीचं त्याला फार कौतुक वाटलं. मग त्याची नजर पाटावर गेली. पान्याची जागा मोकळी होती. आणि खरं सांगतो, त्यानं डोळे वटारले.

"पाना कुणी उचलला? आरतीच्या आधी?"

दारातून रंगनाथ आला. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यानं पाना बनियनला पुसला, पुन्हा पाटावर ठेवला, वाकून हात जोडले.

"मी उचलला," म्हणाला. "नळ बंद झाला. तुझ्या घोड्याला नाक न्हाई, मी खालनं बघितलं."

आता मात्र खोलीला पटलं. रंगनाथ खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मी बोलतो असं नव्हे, पण मी चिडून बोलतो आणि तो चिडत नाही, लोक त्यालाच खरं मानतात. कुणीतरी पुरीच्या पिठावर फिसकन हसलं. धोंडीरामांनी सगळ्यांना दटावलं, महिपतीला हात धुऊन यायला सांगितलं आणि आरती घेतली. महिपती सगळ्यांत मागं उभा राहून टाळ्या वाजवत होता, बनियनवर सगळी हळद.

मला वाटलं, एवढ्यावर सुटेल. बाईला मशीन पाठवील, पिशवी फेकून देईल. पुढच्या गुरुवारी अरबाबनं तेच वेब्ली त्याच्या हातात दिलं, तेल घालून आण म्हणून. मी वरच्या खिडकीत होतो. गाडी वळणाआड गेली नाही, आमच्याच दाराशी थांबली. महिपतीनं इकडे तिकडे बघितलं, खणातून हत्यार काढलं, बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत सरकवलं, वरून शर्ट सोडला. मग गाडीच्या आरशात वाकून बघितलं, फुगवटा नीट दिसतो ना, आणि चहाच्या दुकानाकडं चालत गेला.